बारा बहमनचा मुआयना

पूर्णेच्या धर्मशाळेतल्या त्या खोलीत सोमवारी कुणी डोकावलं असतं, तर तिला शाळा म्हणायला त्याची जीभ रेटली नसती. वीस-बावीस पोरं, कुणी चारचं, कुणी पाचचं, आणि सगळी कोपरापर्यंत काळ्या मातीत. कुणी लाडू वळतंय, कुणी साप करतंय, कुणी नुसतंच थापटत बसलंय. मध्ये पदर खोचून बसलेल्या नर्मदाबाई, त्यांच्याही गालाला माती. ना पाटी, ना पेन्सिल, ना छडी. छडी नाही, हे तर लोकांना फारच खटकायचं. पोरगं शाळेत गेलं आणि रडत घरी आलं नाही, म्हणजे मास्तरीण फुकटची भाकरी खाते, असा तेव्हा सगळ्यांचा सरळ समज.

सोमवार मातीचा. पण आठवडा सुरू व्हायचा शनिवारी, कारण निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. शनिवारी दाणे. तूर, हरभरा, ज्वारी, चिंचोके सुपात कालवून पुढ्यात ठेवायचे आणि पोरांनी ते निवडून वेगवेगळ्या करवंट्यांत घालायचे. आता घरोघरच्या आया हेच करतात, त्यांना कुणी पंडित म्हणत नाही. पण नर्मदाबाई त्या निवडण्याकडे अशा टक लावून बघायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, इथं काहीतरी मोठं चाललंय. आणि चाललेलंच होतं. ज्वारीचा एक दाणा चिमटीत धरायला ज्या बोटांना आठ-आठ दिवस लागत, तीच बोटं उद्या बोरू धरणार होती. रविवारी गाणी आणि गोष्ट. मंगळवारी चिंध्यांच्या गाठी मारायच्या, सोडायच्या, गुंड्या लावायच्या. बुधवारी पाणी, या तांब्यातून त्या तांब्यात. सांडलं तर ज्याचं त्यानं पुसायचं, बाई तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत. आणि गुरुवारी सगळी वरात स्टेशनावर. पूर्णा म्हणजे जंक्शन, हिंगोलीकडची गाडी एकीकडून, मनमाडची दुसरीकडून. पोरांनी बघायचं, आणि परत येऊन जो तो जे बघितलं ते सांगायचा. भुजंग नावाचं एक टपोऱ्या डोळ्यांचं पोरगं दर गुरुवारी एकच सांगे, की इंजिनाला भूक लागली होती.

हे वेड नर्मदाबाईंनी आणलं वऱ्हाडातून. नवरा गेला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या. सासर चारठाण्याचं. घरात थोरले दीर गोविंदराव, जावा, पुतण्या, आणि एक भलं मोठं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात त्यांनी तीन वर्षं काढली. मग यवतमाळची मावशी आजारी पडली म्हणून तिकडं गेल्या, आणि शेजारच्या बालमंदिरात लहान पोरांना शिकवतात ते बघून तिथंच बसून राहिल्या. मावशी बरी झाली, तरी या हलेनात. वर्षभर शिकून परत आल्या तेव्हा त्यांच्याकडं एक ट्रंक होती आणि आठवडा कसा लावायचा, ते डोक्यात पक्कं होतं. पूर्णेत खासगी मराठी शाळा चालवणाऱ्या दिनकरराव मास्तरांनी त्यांना धर्मशाळेतली खोली मिळवून दिली. शेजारच्या खोलीत बायनाबाई म्हणून एक म्हातारी राही. ती पाणी भरी आणि पोरांना घरून गोळा करून आणी. दोघींचं जेवण एकाच चुलीवर.

गोविंदराव वाईट माणूस नव्हता, पण घरातली सून परगावी पोरं खेळवते, हे त्याच्या पचनी पडेना. त्यानं निरोप धाडला, की सरकारनं शाळेला इजाजत दिली तर राहा, आमी अडवत न्हाई. संक्रांतीपर्यंत न्हाई मिळाली, तर गाडी घेऊन न्यायला येतो. पुतणीचं लग्न काढलंय, घरात हात कमी पडायलेत.

यातलं इजाजतीचं कलम सोपं नव्हतं. त्या राज्यात खासगी शाळा काढायची तर सरकारी परवाना लागे, आणि बिनपरवान्याची शाळा म्हणजे गुन्हा. दिनकररावांच्या शाळेला परवाना होता तो मोठ्या मुलांचा. या चिमुरड्यांच्या वर्गाचा अर्ज त्यांनी वेगळा केला होता, आणि त्याला सहा महिने उत्तर नव्हतं. नर्मदाबाई रोज सकाळी दाणे मांडत होत्या, माती भिजवत होत्या, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांपुढं चारठाण्याची ती काळी चूल येत होती. त्या चुलीला त्या घाबरत होत्या. हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत, पण घाबरत होत्या.

त्यात पालकांची कटकट. सटवाजी हा रेल्वेतला सांधेवाला. सांधे बदलून गाड्या रुळावर लावणारा माणूस, त्याला घोळ मुळीच खपायचा नाही. एकदा दारात येऊन म्हणाला, "बाई, पोरगी घरी येऊन नुसते दाणेच निवडायलीय. अ आ इ कधी यायचं?"

"येईल की," नर्मदाबाई म्हणाल्या. "बोलते का घरी?"

सटवाजी उंबऱ्यावर टेकला. त्याची लीला चार वर्षांची. आई गेल्यापासून तिनं तोंड मिटलं होतं ते बापाशीसुद्धा उघडत नव्हती. वर्गात पहिले तीन महिने ती भिंतीकडं तोंड करून बसली. नर्मदाबाईंनी तिला बोल म्हणून कधी म्हटलं नाही. शनिवारी तिच्यापुढं सूप सरकवायच्या आणि दुसऱ्या पोराकडं वळायच्या. एका शनिवारी पाठमागून आवाज आला, "ही तूर न्हाई." लीलानं भुजंगच्या करवंटीतला हरभरा उचलून दाखवला होता. नर्मदाबाईंनी मागं वळून बघितलं नाही, नाहीतर रडू दिसलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "बरोबर. मग कुठं ठेवायचा?"

"लय बोलती आता," सटवाजी शेवटी म्हणाला. "रातच्याला झोपू देत न्हाई." आणि अ आ इ चा विषय तिथंच राहिला.

अशात मार्गशीर्षात मोहतमीम साहेबांची चिठ्ठी आली. मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारा बडा अधिकारी. चिठ्ठी उर्दूत, मजकूर एका ओळीचा: बारा बहमन रोजी मुआयन्यास येत आहोत. तपासणी म्हणायची तर मुआयना म्हणायचं, म्हणजे ऐकणारा आधी टोपी सरळ करतो.

आता या राज्यात दिवस मोजायच्या तीन तऱ्हा. घरात तिथी, स्टेशनावर इंग्रजी तारीख, आणि कचेरीत फसली साल, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. फसली महिना इंग्रजी महिन्याच्या मागून चार दिवसांनी लागे. म्हणजे बहमनच्या तारखेत चार मिळवले, की डिसेंबरची तारीख निघते. दिनकररावांनी स्टेशनावरचं कॅलेंडर बघितलं, बोटं मोजली, आणि मिळवायच्या ऐवजी वजा केले. उभा जन्म ज्यानं पोरांच्या वजाबाक्या तपासल्या, त्याला नको तिथं वजाबाकी सुचली. सोळाच्या ऐवजी आठ तारीख निघाली, आणि ती कुणी पुन्हा तपासली नाही. हेडमास्तरचा हिशेब कोण तपासणार?

"दोन आठवडे आहेत," दिनकरराव म्हणाले. "नर्मदाबाई, हे दाणे-बिणे आता उचला. साहेबाला शाळा दिसली पाहिजे. पाट्या मी देतो."

नर्मदाबाईंच्या मनातून ते नव्हतं. पण डोळ्यांपुढं चूल होती. त्यांनी दाणे उचलले.

ते पंधरा दिवस त्यांना पुढं कधी आठवावेसे वाटले नाहीत. पोरं मांडी घालून रांगेत. प्रत्येकाच्या हातात पाटी, आणि तिच्यावर एकच अक्षर, गिरवून गिरवून दोरखंडाएवढं झालेलं. सोमवारी माती नाही, बुधवारी पाणी नाही. सरकारच्या, म्हणजे निजामाच्या, दीर्घायुष्याची दुवा पाठ करायची, ती उर्दूत, आणि पोरांना अजून घरचं बोलणं नीट येत नव्हतं. भुजंगनं तिसऱ्या दिवशी पाटी फोडली. ओरडायचं नाही म्हणून ओठ मिटून धरायला नर्मदाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कष्ट पडले. आणि लीला पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली.

ठरला तो रविवार उजाडला. पोरांना भल्या पहाटे न्हाऊ घातलं होतं, डोक्याला तेल थापलं होतं, कुणाचा सदरा मोठ्या भावाचा, कुणाची टोपी शेजाऱ्याची. दिनकररावांनी झेंडूचा हार आणून ओल्या फडक्यात ठेवला. सकाळची गाडी आली, साहेब आले नाहीत. दुपारची आली, नाहीत. पोरं हलली की दिनकरराव "अंहं" म्हणत. तिसऱ्या प्रहरी दोन पोरं बसल्या जागी झोपली. लीलाच्या परकराखाली ओल पसरली; तिला बाहेर जायचं होतं आणि ते सांगायला तिचं तोंड उघडलं नव्हतं. ती तशीच ओल्यात बसून राहिली, हातात पाटी घेऊन, कोरडी ठेवायची म्हणून पाटी वर धरलेली.

ते बघितलं आणि नर्मदाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी आधी लीलाला उचललं, धुतलं, स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. मग एकेका पोराच्या हातातून पाटी काढून घेतली आणि सगळ्या चळतीनं दिनकररावांच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या.

"साहेब आले नाहीत, ते येणारही नाहीत," त्या म्हणाल्या. "मला चारठाण्याला जायचंच आहे तर जाईन. पण संक्रांतीपर्यंतचे दिवस माझे आहेत. ते मी पाट्यांत घालवणार नाही."

दिनकरराव काही बोलायला गेले. "आणि आवाज काढू नका," नर्मदाबाई म्हणाल्या, "पोरं झोपलीत."

दुसऱ्या दिवशी बायनाबाईनं नदीकाठची माती आणली. पोरांनी ती बघितली आणि क्षणभर कुणी पुढं येईना. वाटलं असेल, याचीही काही दुवा पाठ करावी लागेल. मग भुजंगनं एक बोट खुपसलं. आठवडा पुन्हा चालू झाला. मंगळवारी गाठी झाल्या, बुधवारी पाणी सांडलं आणि पुसलं गेलं. लीला गुरुवारी स्टेशनावर चालत आली, पण बोलली नाही. शनिवारी सूप पुढ्यात आलं तेव्हा दाणे निवडले, बोलली नाही. नर्मदाबाईंनी मनाची तयारी केली होती, की आपण गेल्यावर बोलेल कधीतरी, कुणापाशीतरी. पण तसं वाटून त्यांचं समाधान होईना.

आणि मग सोमवारी, सकाळच्या गाडीनं, मोहतमीम साहेब आले.

शेरवानी, लाल गोंड्याची टोपी, हातात काठी, मागं चपराशी. सोबत धावत आलेले दिनकरराव, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. स्टेशनापासून इथवर येताना त्यांनी बोटं पुन्हा मोजली होती. खोलीच्या दारात ते हळूच म्हणाले, "चार मिळवायचे होते." नर्मदाबाईंना काय म्हणतात ते कळायलाही दोन पळं लागली. तोवर साहेब उंबऱ्यात उभे होते आणि आत बावीस पोरं कोपरापर्यंत मातीत.

नर्मदाबाई उठल्या. हात लपवायचे कुठं, हा पहिला विचार. मग वाटलं, लपवून आता काय होणार. त्यांनी तशाच मातीच्या हातांनी नमस्कार केला.

"ये मदरसा है?" साहेबांनी विचारलं, म्हणजे ही शाळा आहे का. आवाजात राग नव्हता, पण गोडीही नव्हती.

"जी," नर्मदाबाई म्हणाल्या.

साहेब आत आले. जोडे त्यांनी दारात काढले, हे बायनाबाईनं मागून सगळ्या गल्लीला सांगितलं. काठी चपराशाकडं दिली आणि भुजंगपुढं वाकून विचारलं, काय बनवतोस? साहेबांना मराठी यायचं. भुजंगनं वर बघितलं, गोंड्याकडं बघितलं. "तुमची टोपी," तो म्हणाला, आणि हातातल्या लाडवाला वरून एक शेपूट लावलं. दिनकररावांनी डोळे मिटले.

साहेब हसले नाहीत. ते उकिडवे बसले आणि शेजारच्या परातीतला मातीचा गोळा त्यांनी उचलला. तो त्यांच्या कोरड्या तळव्याला चिकटला, झटकला तरी निघेना. ती परात लीलाची होती. तिनं त्या हाताकडं बघितलं.

"आधी हात भिजवा," लीला म्हणाली. "कोरड्याला चिकटती ती."

आणि तिनं तांब्या उचलला. दोन्ही हातांनी, बुधवारी शिकली तसा. सरकारच्या मोहतमीमांनी ओंजळ पुढं केली आणि चार वर्षांच्या पोरीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. शेरवानीवर थेंब पडला नाही. नर्मदाबाईंना तेवढ्यापुरता मुआयन्याचा विसर पडला. पोरगी बोलली होती, अनोळखी माणसाशी, आपणहून.

साहेबांनी अर्धा तास घेतला. दाण्यांची सुपं बघितली, गाठींच्या चिंध्या बघितल्या, कोणत्या वारी काय चालतं ते विचारून घेतलं. मग उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, इथं अक्षरं शिकवता?"

"शिकवतात की, साहेब," दिनकरराव घाईनं म्हणाले. "पाट्या आहेत आमच्याकडं, मी आत्ता..."

"आप खामोश रहिए," साहेब त्यांच्याकडं न बघता म्हणाले. "मी बाईंना विचारतोय. अक्षरं शिकवता?"

नर्मदाबाईंना ठाऊक होतं, हो म्हणायला हवं. हो म्हटलं तर शाळा, नाही म्हटलं तर चूल. पण पंधरा दिवस हातात पाटी धरलेली लीला त्यांना आठवली आणि हो काही तोंडातून निघेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "या वयात नाही. हातच अजून तयार नाही, साहेब."

"अंक? पुस्तक?"

"नाही."

"पक्कं?" साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि या खेपेला त्यांच्याकडं नीट रोखून बघितलं. नर्मदाबाईंना वाटलं, हा माणूस आपल्याकडून गुन्हा कबूल करून घेतोय. त्यांना राग आला.

"पक्कं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली आणि जोडे घातले.

कागद यायला तीन आठवडे लागले. संक्रांतीला पाच दिवस उरले होते. गुरुवारचा दिवस, पोरं स्टेशनावरून नुकतीच परतून घरी गेली होती. दिनकरराव दारात उभे राहून उर्दू वाचत आणि मराठीत सांगत गेले. मुआयन्यात असं आढळलं, की सदर ठिकाणी अक्षरांची वा अंकांची कोणतीही तालीम दिली जात नाही. मुलं माती, पाणी आणि दाणे घेऊन खेळतात. सबब सदर ठिकाण मदरसा समजता येत नाही. सबब इजाजत देण्याचा सवाल पैदा होत नाही. दारावर शाळेचा बोर्ड असल्यास उतरवावा.

नर्मदाबाईंचे कान तापले. कोणतीही तालीम दिली जात नाही. वर्षभर यवतमाळला जे शिकल्या, दीड वर्ष इथं जे केलं, ते सगळं त्या एका वाक्यानं पुसलं होतं. इतका अपमान त्यांचा चारठाण्याच्या जावांनीही कधी केला नव्हता. दिनकरराव खांबाला टेकून बसले. "माझ्यामुळं झालं," ते म्हणाले. "पाट्या हातात असत्या तर..."

"पुन्हा वाचा," नर्मदाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"बंद करा, असं कुठं लिहिलंय?"

दिनकररावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. उलटा करून मागं बघितलं. "तसं नाही लिहिलेलं," ते सावकाश म्हणाले. "शाळा नाही, म्हणून इजाजत नाही. आणि शाळा नाही, म्हणजे... इजाजत लागतच नाही." ते थांबले. "पाट्या असत्या तर शाळा ठरली असती. मग फायली परभणीला, औरंगाबादला, पुढं हैदराबादला. तोवर वर्ग बंद."

साहेबांनी पक्कं का, असं दोनदा कशासाठी विचारलं, ते नर्मदाबाईंना आत्ता उमगलं. की उमगलं असं नुसतं वाटलं? खात्री कोण देणार? त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. वर्ग राहिला होता. मास्तरीण मात्र सरकारदरबारी कुठं राहिली नव्हती, आणि ते दुःख त्यांना व्हायचं ते झालंच.

बोर्ड त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढला. तेवढ्यात ड्युटीवर निघालेला सटवाजी थबकला. "मिळाली का बाई इजाजत?"

"नाही मिळाली."

"मग आता?"

"मग काय, उद्या जुम्मा. परवा लीलाला वेळेवर पाठवा. दाणे निवडायचेत."

सटवाजीनं स्टूल धरलं, बाई उतरेपर्यंत.

मग नर्मदाबाई आत गेल्या, हात धुतले आणि चारठाण्याला कार्ड लिहायला बसल्या. थोरल्या दिराला त्यांनी आजवर स्वतः कधी पत्र लिहिलं नव्हतं. लिहायचे ते दिनकरराव, विनंतीच्या भाषेत. आज दिनकररावांनी दौत पुढं सरकवली आणि ते बाजूला झाले.

"ती. भाऊजींस शि. सा. न. मोहतमीम साहेबांचा कागद आला. शाळेला इजाजत मिळाली नाही. मी येत नाही. नर्मदा."

का येत नाही, ते लिहायला कार्डावर पुष्कळ जागा उरली होती. ती त्यांनी तशीच कोरी सोडली आणि कार्ड बायनाबाईच्या हातात दिलं.